एकाच लेन्सवर प्रवास : ‘सुपरझूम’चे बळ आणि मर्यादा

माशेलच्या देवकीकृष्ण मंदिरासमोरील चिखलकाला चित्रित करावयाचा असेल, तर लेन्स बदलण्याचा विचारही करता येत नाही. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, ऐन पावसाळ्यात रंगणाऱ्या या उत्सवात कॅमेऱ्याचे तोंड क्षणभर उघडे राहिले तरी चिखलाचा शिंतोडा थेट सेन्सरवर जाण्याची भीती. शिवाय दुसरी लेन्स चढेपर्यंत समोरचा प्रसंग सरलेला असतो. माहितीपट आणि प्रवासपट करणाऱ्यांना सुपरझूम लेन्स जवळची वाटते ती यामुळेच.

विस्तीर्ण दृश्यापासून दूरच्या चेहऱ्यापर्यंतचा पल्ला एकटीच गाठणारी ही लेन्स. कल्पना जुनीच आहे. फ्रान्सच्या ऑंजेन्यू कंपनीची १२-१२० मिमी ही दहापट झूम १९६०च्या दशकात १६ मिमी फिल्मवरील माहितीपटकारांच्या खांद्यावर दिसू लागली. स्थिरचित्रणासाठी टॅमरॉनने १९९२ मध्ये २८-२०० मिमी लेन्स आणली. तिचीच २०२१ मधील वंशज १८-३०० मिमी, वजन सुमारे ६२० ग्रॅम.

या हलकेपणाची किंमत प्रकाशात मोजावी लागते. १८ मिमीला एफ ३.५ असणारे छिद्र ३०० मिमीला एफ ६.३ पर्यंत आकसते, म्हणजे सेन्सरवर पडणारा प्रकाश एक तृतीयांशाहूनही कमी होतो. चालू दृश्यातच झूम केल्यास चित्र अंधारत जाते आणि ते डोळ्याला खुपते. त्यावर उपाय साधा आहे. छिद्र आरंभापासून एफ ६.३ वर स्थिर ठेवावे आणि आयएसओ वाढवून उजेडाची भरपाई करावी. दुसरी अडचण फोकसची. सिनेमासाठी घडवलेल्या महागड्या झूममध्ये फोकल लेंथ बदलली तरी फोकस टिकतो. स्थिरचित्रणाच्या बहुतेक झूममध्ये तो सरकतो. म्हणून झूम करून थांबावे, फोकस पुन्हा साधावा आणि मगच चित्रण सुरू करावे. तसेही चालू दृश्यातील झूम संकलनात बहुधा कापलाच जातो.

दुपारच्या उन्हात अडचण उलटी होते. सेकंदाला २५ चौकटी असल्यास शटर १/५० ठेवण्याचा प्रघात आहे. त्या वेगाला भर उन्हात आयएसओ १०० वर छिद्र एफ २२ पर्यंत मिटावे लागते आणि चित्राची धार बोथट होते. येथे काळसर एनडी फिल्टर हवाच. एकच लेन्स असल्याने फिल्टरही एकच पुरतो, ही बचत लहान नव्हे. मात्र फिरवून गडद करण्याचा फिल्टर रुंद टोकाला फार आवळल्यास आकाशात फुलीसारखा डाग उमटतो.

लांब टोकाला हात थरथरतो. लेन्समधील स्थिरीकरण उभ्या माणसाला साथ देते, चालत्याला नाही. तेव्हा खांबाला टेकावे किंवा एकपायी स्टँड घ्यावा. गिम्बलवर ही लेन्स त्रासाची ठरते, कारण झूम करताना नळी पुढे येते आणि साधलेला तोल बिघडतो. ओल्या हवेत बाहेर आलेली नळी पुसूनच आत घ्यावी.

संध्याकाळ झाली की तिचे काम आटोपते. समईच्या उजेडातील आरतीसाठी पिशवीत एफ १.८ ची एखादी लहान प्राइम लेन्स असू द्यावी, एफ ६.३ च्या तुलनेत ती सुमारे १२ पट प्रकाश आत घेते. ती चढवायची मात्र देवळाच्या ओसरीवर, कोरड्या जागी, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून.