तळटीप : टोकनाची सही

* ‘टोकन’ : येथे जेडब्ल्यूटी, म्हणजे जेसन वेब टोकन, अभिप्रेत आहे. सही कोणत्या पद्धतीने तपासायची हे टोकनाच्या शीर्षभागातच लिहिलेले असते आणि तो पाठवतो वापरकर्ता. परीक्षार्थीनेच परीक्षक नेमावा, तसे. २०१५ साली टिम मॅक्लीन यांनी दाखवून दिले की, पद्धतीच्या जागी ‘नन’ लिहिले तर काही लायब्रऱ्या सहीविनाच टोकन खरे मानतात. दुसरी वाट अधिक बेरकी : ‘आरएस२५६’ खोडून ‘एचएस२५६’ लिहायचे, की सर्व्हर आपली जाहीर किल्लीच गुप्त किल्ली समजून सही पडताळतो, आणि ती किल्ली तर कोणालाही मिळते! स्वीकारार्ह पद्धती सर्व्हरच्या बाजूनेच ठरवाव्यात, असे आरएफसी ८७२५ (२०२०) बजावते. लेखकाचे ‘टोकन बनावट करता येत नाही’ हे विधान त्या अटीवरच खरे. — संपा.