पिचर, ओक्लाहोमा : खाणी बंद पडल्यावरही टिकलेले गाव

१/ अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅन्ससच्या सीमेला खेटून, पिचर नावाचे एक गाव होते. २००० सालच्या जनगणनेत तेथे १,६४० माणसांची नोंद झाली. २०१० साली ती २० वर आली. युद्ध नाही, दुष्काळ नाही, आणि दहा वर्षांत गाव रिकामे. 'खाणी संपल्या, म्हणून गाव संपले' असे याचे उत्तर सहसा दिले जाते. पिचरचे आकडे या उत्तराला दुजोरा देत नाहीत.

२/ जनगणनेतील लोकसंख्या अशी :
१९२० – ९,७२६
१९३० – ७,७७३
१९४० – ५,८४८
१९५० – ३,९५१
१९६० – २,५५३
१९७० – २,३६३
१९८० – २,१८०
१९९० – १,७१४
२००० – १,६४०
२०१० – २०

३/ खाणकाम थांबले १९६७ साली. म्हणजे १९२० ते १९६० या काळात, खाणी चालू असतानाच, जवळजवळ तीन-चतुर्थांश लोक गाव सोडून गेले होते. खाणी बंद पडल्यानंतरच्या तीन दशकांत मात्र घट एक-तृतीयांशाहूनही कमी झाली. काम होते तेव्हा माणसे गेली आणि काम संपल्यावर उरलेली तेथेच राहिली. हे कोडे उलगडायचे, तर आधी गावाखालची जमीन कोणाची होती ते पाहावे लागते.

४/ ही भूमी क्वापॉ या आदिवासी राष्ट्राची. आर्कान्सा नदीच्या खोऱ्यातील मूळ प्रदेश तहांच्या बळावर काढून घेतल्यानंतर १८३३ च्या तहाने त्यांना या कोपऱ्यात जागा देण्यात आली. १८९० च्या दशकात सामूहिक जमिनीची व्यक्तिगत वाटणी झाली आणि प्रत्येक सदस्याच्या नावे प्रथम २०० एकर लागले. शेतीच्या दृष्टीने ही जमीन फार मोलाची मानली जात नव्हती.

५/ वाटून दिलेली जमीन लगेच विकता येऊ नये, असे बंधन कायद्याने घातले होते. हेतू संरक्षणाचा होता. पण त्याच व्यवस्थेत संघराज्य सरकार एखाद्या क्वापॉ मालकाला स्वतःचे व्यवहार पाहण्यास 'अक्षम' ठरवू शकत असे. मग त्याच्या जमिनीचे खाणपट्टे सरकारी खात्याच्या संमतीने दिले जात, स्वामित्वशुल्कही त्याच खात्यामार्फत मिळे. मालकी एकाची आणि निर्णय दुसऱ्याचा, अशी ही रचना होती.

६/ १९१३ च्या सुमारास हॅरी क्रॉफिश या क्वापॉ गृहस्थांच्या जमिनीत शिसे आणि जस्त यांचे समृद्ध खनिज सापडले. मिसुरी आणि कॅन्ससमधील जुन्या खाणींकडून माणसांचा लोंढा इकडे वळला. पाहता पाहता तंबू आणि फळ्यांच्या घरांची वसाहत उभी राहिली. खाणकंपनीचे मालक ओ. एस. पिचर यांचे नाव तिला मिळाले आणि १९१८ साली ती अधिकृत नगर झाली.

७/ या नगराचा पाया मात्र चमत्कारिक होता. बहुसंख्य रहिवाशांच्या मालकीचे घर होते, पण घराखालची जमीन नव्हती. ती क्वापॉ मालकांची होती आणि खाणपट्ट्याने कंपन्यांकडे गेलेली होती. रहिवासी केवळ भुईभाडे भरत. खाणीला जागा हवी झाली, तर अल्प मुदतीच्या सूचनेवर घर हलवावे लागे. म्हणून घरे हलकी, स्वस्त आणि लाकडी बांधली जात. पक्के बांधण्यात शहाणपण नव्हते.

८/ पहिल्या महायुद्धात बंदुकीच्या गोळ्यांसाठी शिसे आणि पितळी काडतुसांसाठी जस्त यांची मागणी प्रचंड वाढली. अमेरिकेने त्या युद्धात वापरलेल्या शिसे-जस्तापैकी निम्म्याहून अधिक धातू पिचरच्या परिसरातून आला, असे सांगितले जाते. १९२६ साली गावाची लोकसंख्या १४,२५२ या शिखरावर पोचली. शिवाय जॉप्लिनसारख्या मिसुरीतील शहरांतून हजारो कामगार विजेच्या ट्रॉलीने रोज ये-जा करीत.

९/ मग उतरण लागली. धातूंचे भाव पडले, पाठोपाठ महामंदी आली. १९३२ साली ईगल-पिचर कंपनीने एक प्रचंड मध्यवर्ती गिरणी उभारली. खनिज दळून वेगळे करणाऱ्या लहान लहान गिरण्यांचे काम तिने ओढून घेतले. दुसऱ्या महायुद्धात सरकारने वाढीव उत्पादनाला जादा दर देण्याची योजना आखली, त्यामुळे दुय्यम प्रतीच्या खाणीही तग धरून राहिल्या. १९४७ साली ती योजना संपली आणि त्या खाणींचा आधार गेला.

१०/ माणसे जाण्यामागे दुसरेही कारण होते. येथील खनिज गारगोटीसारख्या कठीण दगडात दडलेले होते. तो फोडताना उडणारी धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होई, आणि पुढे अनेकांना क्षय जडे. १९२७ साली सरकारी खाण विभाग, खाणमालकांची संघटना आणि एक विमा कंपनी यांनी मिळून पिचरमध्ये तपासणी केंद्र उघडले. पहिल्याच वर्षी हजारो कामगार तपासले गेले. सुमारे पाचांपैकी एकाला सिलिकोसिस आढळला.

११/ निदान झालेल्या माणसाला पुढे काय मिळाले? बहुतेकांना उपचाराऐवजी बेकारी. रोग नोंदला गेला की दुसऱ्या खाणीतही काम मिळणे कठीण होई. १९३५ च्या मे महिन्यात कामगार संघटनेने संप पुकारला, तेव्हा मालकांच्या पाठिंब्याने प्रतिस्पर्धी संघटना उभी करण्यात आली आणि संप मोडला. १९४० साली अमेरिकेच्या कामगारमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांनी जॉप्लिन येथे सिलिकोसिसवर खास परिषद घेतली. तोवर एक पिढी खोकत खोकत संपत आली होती.

१२/ १९५० साली तर गावाच्या मध्यभागाखालची जमीन खचण्याचा धोका दिसला. तेथील दुकाने आणि घरे रिकामी करून घेण्यात आली व तो भाग कुंपणाने बंद केला गेला. खाणीची पोकळी बाजारपेठेच्या खाली पोचली होती. जमीन आपली नसणे म्हणजे नेमके काय, हे त्या दिवशी गावाला उमगले असावे.

१३/ येथे 'चॅट' या शब्दाशी परिचय करून घ्यायला हवा. गप्पांच्या चॅटशी याचा संबंध नाही. खनिज काढून घेतल्यावर उरणाऱ्या बारीक खडीला खाणकामगार 'चॅट' म्हणत. खडकातला थोडाच भाग धातूचा, बाकी सारी खडी. ती गिरणीशेजारी ओतली जाई. खाणी बंद झाल्या तेव्हा अशा टेकड्यांमध्ये मिळून सुमारे सात कोटी टन चॅट साचले होते. अनेक ढिगारे गावातील कोणत्याही इमारतीहून उंच होते.

१४/ आणि हा कचरा गावाची दुसरी अर्थव्यवस्था ठरला. रेल्वेमार्गाखाली, डांबरी रस्त्यांत, घरांच्या पायात, अंगणातल्या वाटांवर चॅट पसरले गेले. स्वस्त, टणक आणि हवे तितके. मुलांच्या खेळण्याच्या वाळूच्या जागी तेच, घसरगुंडीसाठी टेकडीही तीच. त्या खडीत शिसे उरलेले होते. गाव ज्या मालाचा जास्तीत जास्त उपयोग करीत होते, त्याच मालाने विष दाराशी आणि अंगणात आणून ठेवले.

१५/ १९६७ नंतर जे उरले ते कोण? निवृत्तिवेतनावर जगणारे जुने कामगार, त्यांच्या विधवा, आणि आसपास नोकरी करणारी कुटुंबे. ओटावा काउंटीचे मुख्य ठिकाण असलेल्या मायामी गावात (हे फ्लोरिडातील मायामी नव्हे) टायरचा मोठा कारखाना होता. १९८६ साली तोही बंद पडला. तरीही १९९० च्या जनगणनेत पिचरमध्ये १,७१४ माणसे होती.

१६/ कारण तेथून निघणे परवडणारे नव्हते. दुसऱ्याच्या जमिनीवरच्या लाकडी घराला बाजारात किंमत नसते आणि त्यावर बँक सहजी कर्जही देत नाही. ते विकून शेजारच्या गावात घर घेणे अशक्य, पण त्यात राहणे मात्र अतिशय स्वस्त. ज्यांना जाता येण्याजोगे होते ते खाणी चालू असतानाच गेले. उरले ते ज्यांचे सारे काही त्या हलक्या घरात अडकले होते ते. शाळा, चर्च आणि शेजार यांची ओढ होतीच. अर्थशास्त्र तिच्या आड येत नव्हते, एवढेच.

१७/ दरम्यान जमिनीखाली पाणी चढत होते. खाणी चालू असताना ते पंपांनी उपसले जाई, उपसा थांबल्यावर पोकळ्या भरत गेल्या. १९७९ साली आम्लयुक्त, धातूंनी भरलेले पाणी जमिनीवर आले आणि टार क्रीक हा ओढा गंजासारखा तांबडा-नारिंगी झाला. १९८३ साली हा परिसर 'सुपरफंड' यादीत, म्हणजे देशातील सर्वाधिक प्रदूषित स्थळांच्या यादीत गेला. आरंभीचे सारे लक्ष पाण्यावर होते, खडीवर नव्हते.

१८/ १९९० च्या दशकाच्या मध्यास मुलांचे रक्त तपासले गेले. तपासलेल्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुलांमध्ये शिशाचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर आढळले. लहान वयात शिसे मेंदूच्या वाढीवर घाला घालते आणि ते नुकसान भरून येत नाही. मग पर्यावरण संरक्षण संस्थेने परिसरातील दोन हजारांहून अधिक जागांची माती खणून बदलली. टेकड्या मात्र तेथेच राहिल्या आणि वारा वाहतच राहिला.

१९/ यानंतर प्रथमच गाव सोडण्यासाठी पैसे देऊ केले गेले. राज्य सरकारने आधी सहा वर्षांखालील मुले असलेल्या कुटुंबांची घरे विकत घेतली. २००६ साली सैन्याच्या अभियंत्यांच्या पाहणीने गावाचा मोठा भाग कधीही खचू शकतो असा निष्कर्ष काढला आणि संघराज्याच्या निधीतून सर्वांसाठी खरेदी सुरू झाली. घरांच्या मूल्यांकनावरून कडवट वाद झाले. ज्या घराला बाजारभावच नाही, त्याचे मोल कसे ठरवावे? गावाच्या पायातला जुना प्रश्न अखेरच्या हिशेबातही उभा राहिला.

२०/ १० मे २००८ रोजी तीव्र चक्रीवादळाने गावाचा दक्षिण भाग उद्ध्वस्त केला. पिचरमध्ये ६ जण मृत्युमुखी पडले. २००९ साली शेवटच्या तुकडीतील ११ विद्यार्थी शाळेतून बाहेर पडले आणि १ सप्टेंबरला नगरपालिकेचा कारभार थांबला. २०१० च्या जनगणनेतील २० हा आकडा या सर्वांची बेरीज आहे.

२१/ म्हणजे खाणी संपल्याने पिचर रिकामे झाले नाही. खाणींनी मागे ठेवलेल्या गोष्टींनी ते रिकामे केले, आणि तेही बाहेर पडण्याचा खर्च कोणीतरी उचलल्यावर. खाणी संपण्याच्या क्षणापासून तो क्षण येईपर्यंत चाळीस वर्षे गेली. त्या चाळीस वर्षांत जन्मलेल्या मुलांनी एकही खाण चालू पाहिली नव्हती, पण शिसे मात्र त्यांच्या वाट्याला आले.

२२/ लाभ घेणाऱ्या कंपन्यांपैकी बऱ्याच तोवर अस्तित्वातच नव्हत्या. ईगल-पिचरने १९९१ साली ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांमुळे दिवाळखोरीचा अर्ज केला होता. त्यामुळे सफाईचा मोठा भार सार्वजनिक पैशावर पडला. धातू विकून झालेला नफा खासगी ताळेबंदात नोंदला गेला, सात कोटी टन खडी मात्र कोणाच्याही ताळेबंदात नव्हती.

२३/ क्वापॉ मात्र कोठेही गेले नाहीत. खरेदीचे पैसे घेऊन निघून जाणे त्यांच्यासाठी पर्यायच नव्हता, कारण त्यांचे राष्ट्र याच भूमीवर आहे. २०१३ च्या अखेरीस त्यांनी 'कॅथलिक फोर्टी' या ४० एकरांच्या जागेची सफाई स्वतः हाती घेतली. तेथे एकेकाळी क्वापॉ मुलांची मिशन शाळा होती. आदिवासी राष्ट्राने स्वतः चालवलेली सुपरफंड सफाई म्हणून ती देशातील पहिली मानली जाते. पुढे इतर ढिगाऱ्यांचे कामही त्यांनी घेतले.

२४/ २०२१ साली ओक्लाहोमाच्या फौजदारी अपील न्यायालयाने मान्य केले की क्वापॉंचे राखीव क्षेत्र कायद्याने कधीच रद्द झालेले नव्हते. पिचर वसले, भरभराटले आणि उजाड झाले ते सारे या क्षेत्राच्या आत. आज तेथे ट्रक चॅट भरून नेतात. काही खडी डांबरात बंदिस्त करून रस्त्यांसाठी जाते, बाकीची सुरक्षित जागी पुरली जाते, आणि उघड्या झालेल्या जमिनीवर पुन्हा माती टाकली जाते. शंभर वर्षांपूर्वी ज्यांना स्वतःच्या जमिनीचा व्यवहार पाहण्यास 'अक्षम' ठरवले होते, त्यांच्याच वंशजांकडे आज त्या जमिनीच्या दुरुस्तीचे काम आहे.