लवकर पोहोचल्याचा दंड

मोटार रॅली हा खेळ संस्थानिकांचा, गिरणीमालकांच्या चिरंजीवांचा आणि ज्यांच्या घरी पेट्रोलचा हिशेब कोणी विचारत नाही अशा भाग्यवंतांचा, असा एक समज आपल्याकडे चालत आला आहे. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. खास कारकुनांसाठी म्हणून जगात एखादा खेळ निघाला असेल, तर तो हाच! क्रिकेटला खांदा लागतो, कुस्तीला मांड्या लागतात. रॅलीला हिशेब लागतो. आणि हिशेबाखेरीज दुसरे काहीही न येणारा माणूस शोधत कोणी निघालाच, तर त्याने घोडेगावला यावे. मी तिथल्या एका बँकेत कारकून आहे.

या विषयात शिरण्याचे कारण आमचा भाचा. वय वर्षे चोवीस, पहिली नोकरी आणि दुसऱ्याने वापरलेली छोटी मोटार, एवढ्या भांडवलावर त्याने जाहीर केले, "मामा, मी रॅलीत उतरणार. खडी-मातीच्या नाही, डांबरी रस्त्याच्या."

"उतर की. मग माझ्याकडे काय काम काढलंस?"

"दोन कामं आहेत. एक म्हणजे थोडं कर्ज. आणि दुसरं म्हणजे सराव. तुमच्या घोडेगावापासून आहुप्यापर्यंतचा रस्ता मी बघून आलोय. एका अंगाला डिंभे धरणाचं पाणी, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि वळणं तर काय विचारू नका! पहाटे कोणी नसतं रस्त्यावर."

कर्जाच्या अर्जात 'प्रयोजन' नावाचा एक रकाना असतो. त्यात काय लिहायचे हे ठरल्याशिवाय आमच्याकडे कागद पुढे सरकत नाही. म्हणून रॅली म्हणजे नक्की काय, याचा शोध मी घेऊ लागलो आणि चांगला सव्वाशे वर्षे मागे जाऊन पोहोचलो.

२२ जुलै १८९४ रोजी पॅरिसमधल्या एका वर्तमानपत्राने पॅरिस ते रुआँ अशी बिनघोड्यांच्या गाड्यांची स्पर्धा भरवली. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. सर्वांच्या आधी पोहोचले ते काउंट द दिआँ, आपले वाफेचे धूड घेऊन. आता तुम्ही म्हणाल, पहिले बक्षीस त्यांना मिळाले. नाही मिळाले! नियमच असा होता की गाडी धोक्याची नसावी, चालवायला सोपी असावी आणि खर्चाला परवडावी. काउंटसाहेबांच्या गाडीला कोळसा घालायला वेगळा गडी लागत होता. म्हणून पहिले बक्षीस मागून आलेल्या प्यूजो आणि पानार या गाड्यांना वाटून दिले, आणि काउंटसाहेबांची दुसऱ्यावर बोळवण झाली. मोटारींच्या पहिल्याच स्पर्धेत पहिला आलेला पहिला ठरला नाही. परीक्षकांत एखादा बँकेचा माणूस असणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

पण माणसाला अक्कल आली की ती फार दिवस टिकत नाही. पुढच्या आठ-नऊ वर्षांत गाड्यांचा वेग वाढला आणि शर्यती शहरातून शहरात, उघड्या रस्त्यांवरून धावू लागल्या. १९०३ च्या मे महिन्यात पॅरिस ते माद्रिद शर्यत निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची भिंत आणि धुळीतून सुटलेल्या गाड्या. पहिल्याच दिवशी चालक, त्यांचे सोबती आणि बघे मिळून इतकी माणसे गेली की सरकारने बोर्दो गावातच शर्यत थांबवली. मरणाऱ्यांत रेनो कंपनीच्या भावांपैकी मार्सेल रेनो होता. गाड्या पुन्हा सुरू करायलाही मनाई झाली. घोडे जुंपून त्या स्टेशनवर ओढत नेल्या आणि आगगाडीने घरी पाठवल्या, असे सांगतात. ज्यांनी घोड्याला रजा दिली, त्यांना शेवटी घोड्यानेच घरी पोहोचवले.

त्यानंतरची रॅली शहाणी झाली. १९११ साली मॉन्टे कार्लोला पहिली रॅली भरली. वेगवेगळ्या गावांहून निघायचे आणि एका ठिकाणी जमायचे. 'रॅली' या शब्दाचा अर्थच मुळी जमणे. आंरी रूजिए नावाचा गृहस्थ पॅरिसहून येऊन जिंकला. गुण वेगाला तर होतेच, पण गाडी कितपत डौलदार आहे, आतले प्रवासी किती सुखात आले आणि पोहोचल्यावर गाडीची अवस्था काय, यालाही होते. लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाला आपण हेच निकष लावतो, फक्त बक्षीस देत नाही.

आपला देशही यात मागे नव्हता. १९०४ च्या डिसेंबरात दिल्लीहून मुंबईकडे मोटारींची एक चाचणी निघाली होती. कोण आधी येतो यापेक्षा गाडी भरवशाची निघते की नाही, हा प्रश्न होता. आणि त्या काळचे रस्ते पाहता तो अगदी रास्त होता. पुढे १९१९ साली मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली आणि मोटारवाल्यांना हक्काचे घर मिळाले.

मुंबईचे नाव रॅलीच्या नकाशावर ठळक झाले ते १९६८ साली. त्या वर्षीच्या २४ नोव्हेंबरला लंडनहून सिडनीला जायला ९८ गाड्या निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून त्या मुंबईपर्यंत चाकांवर आल्या आणि इथून 'चुसान' बोटीत बसून ऑस्ट्रेलियाला गेल्या. मुंबईत पहिला होता रॉजर क्लार्क. सिडनीत पहिला आला अँड्र्यू कॉवन, हिलमन हंटर नावाच्या, एखाद्या शाळामास्तराला शोभेल अशा चौकोनी गाडीतून. मधे काय घडले ते महत्त्वाचे आहे. शेवट जवळ आला तेव्हा ल्यूसिएँ बियांकीची सित्रोएन गाडी आघाडीवर होती. समोरून एक मिनी आली. ती स्पर्धेतली नव्हती, आपल्या कामाने निघालेली होती. टक्कर झाली, बियांकी जबर जखमी झाला. मागून येणाऱ्या पॅडी हॉपकर्कने शर्यत बाजूला ठेवून जखमींना मदत केली. तो दुसरा आला. मला विचाराल तर त्याचा दुसरा नंबर पहिल्याहून वजनदार आहे.

एवढे वाचून झाल्यावर भाच्याला मी दुसरी एक गोष्ट सांगितली, कारण ती माझ्या फायद्याची होती. १९५५ साली इटलीतल्या हजार मैलांच्या 'मिले मिलिया' शर्यतीत स्टर्लिंग मॉस जिंकला. शर्यत सगळी पक्क्या रस्त्यांवरून, वेळ दहा तास सात मिनिटे ४८ सेकंद. त्याच्या शेजारी बसला होता डेनिस जेन्किन्सन, मोटारींवर लिहून पोट भरणारा दाढीवाला पत्रकार. आधी सारा रस्ता फिरून त्याने प्रत्येक वळण लिहून काढले होते. हा सुमारे पाच मीटर लांबीचा कागद त्याने एका डबीत दोन रुळांवर गुंडाळला आणि गाडी चालत असताना तो उलगडत मॉसला हाताच्या खुणांनी पुढचे वळण सांगत राहिला. म्हणजे बघा, एकाने गाडी चालवली आणि दुसऱ्याने लेजर वाचले. आज जगभर रॅलीतला जोडीदार वळणांची वही वाचतो, त्या धंद्याचा हा गाजलेला पूर्वज. दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, याच शर्यतीत एका गाडीचा टायर फुटून ती लोकांत घुसली, रस्त्याकडेची मुलेसुद्धा गेली आणि ती शर्यत वेगाची म्हणून कायमची बंद झाली.

"म्हणजे उतरू नको, असं म्हणताय?" भाच्याने तोंड पाडून विचारले.

"उतर. पण दारातून उतर, खिडकीतून नको."

दार म्हणजे असे. वेगाची रॅली बंद केलेल्या रस्त्यावरच होते. दोन्ही टोकांना पहारा, मधे डॉक्टर, आणि एका वेळी एकच गाडी सुटते. तीत उतरायचे तर मोटार क्रीडा महासंघाचा परवाना लागतो. गाडीत पोलादी नळ्यांचा पिंजरा, खांद्यावरून येणारे पट्टे, डोक्याला हेल्मेट आणि हाताशी अग्निशामक, हे सगळे लागते. उघड्या रस्त्यावर सरकारच्या लेखी परवानगीवाचून शर्यत लावली, तर मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १८९ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

नवख्याने सुरुवात करायची ती वेळ-वेग-अंतराच्या रॅलीने. तिला टीएसडी म्हणतात. रस्ता उघडाच असतो, पण सरासरी वेग संयोजक ठरवून देतात, तोही कायद्याच्या मर्यादेतला. वाटेत कुठेतरी झाडाआड घड्याळ घेऊन माणूस बसलेला असतो. तुम्ही उशिरा आलात तर दंड, आणि लवकर आलात तरी दंड!

हा नियम ऐकून मला भरून आले. बँकेबाहेरच्या माणसाला वाटते की कॅश कमी भरली तरच कॅशियरची झोप उडते. तसे नाही. संध्याकाळी शंभर रुपये जास्त निघाले तरी तीच बोंब. कमी म्हणजे चूक आणि जास्त म्हणजेही चूक. हे तत्त्व जगात दोनच ठिकाणी मानतात: बँकेत आणि टीएसडी रॅलीत.

गणितही सोपे आहे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर दहा मीटर. २५ किलोमीटरला २,५०० सेकंद, म्हणजे ४१ मिनिटे ४० सेकंद. फक्त आधी आपल्या गाडीचा अंतराचा काटा खरे बोलतो की नाही ते तपासावे लागते. संयोजकांचे दहा किलोमीटर आपल्या काट्यावर दहा पूर्णांक तीन भरत असतील, तर पुढचा सारा हिशेब त्या प्रमाणात करायचा.

गाडीची तयारी मंचरच्या एका मिस्त्रींकडे झाली. भाच्याने यादी नेली होती: मोठा आवाज करणारा सायलेन्सर, मागे पंख, दारावर ज्वाळांची चित्रे. मिस्त्रींनी यादी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "दादा, गाडी पळवायची म्हंजे आधी थांबवायला शिकायचं."

मग त्यांनी ब्रेकचे जुने तेल काढले. हे तेल हवेतला ओलावा पिते. उतारावर ब्रेक तापले की त्यातले पाणी उकळते, आणि पायाखालचा पेडल उशीसारखा मऊ होतो. नवे तेल आणि नवे पॅड हा पहिला खर्च. दुसरा टायरचा. टायरच्या कुशीवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारे झालेले असू शकते, हे आमच्या हेडक्लार्ककडे पाहूनही कळते. डांबरी रॅलीची गाडी बुटकी आणि ताठ ठेवतात, खडीवरची उंच आणि मऊ, पोटाखाली पत्रा लावलेली. आपला डांबरी रस्ता पावसाळ्यानंतर दोन्ही प्रकारचा असतो, म्हणून मिस्त्रींनी उंचीला हात लावला नाही. शेवटी त्यांनी गाडीतले सुटे सामान काढायला लावले: छत्री, पाण्याच्या बाटल्या, मागच्या काचेखालचा स्पीकरचा खोका. ब्रेक लागला की याच वस्तू चालकाच्या मानेकडे धाव घेतात. ज्वाळा राहिल्या त्या राहिल्याच.

एका रविवारी आम्ही निघालो, सरासरी ठरवली ताशी तीस. चाकावर भाचा, मांडीवर वही घेऊन मी. आणि पहाटे कोणी नसते त्या रस्त्यावर कोण कोण भेटले, ते मी क्रमाने लिहून काढले. समोरून येणारी एसटी. कडेला पसरलेला बाळहिरडा, ज्याच्यावर इथल्या महादेव कोळी घरांचे वर्षाचे मीठमिरचीचे गणित असते. पाण्याकडे निघालेली गुरे. आणि एका जीपमध्ये दवाखान्याला निघालेली बाळंतीण, पाय दुमडून बसलेली. आहुप्याहून तालुक्याला यायचे तर हाच रस्ता. नोंद वाचून दाखवली तेव्हा भाचा काही बोलला नाही. पण पुढच्या प्रत्येक आंधळ्या वळणाआधी हॉर्न वाजू लागला. त्याचे कर्ज मंजूर करा अशी शिफारस मी तिथेच मनातल्या मनात लिहिली. प्रयोजन: पिंजरा, पट्टे, हेल्मेट.

आहुप्याला रस्ता संपतो. पुढे देवराई, तिच्यापुढे सह्याद्रीचा कडा, आणि कड्यावरून खाली मुरबाडकडच्या खोपिवलीला उतरणारी जुनी घाटवाट. डोक्यावर ओझी घेऊन माणसे ती पिढ्यान्‌पिढ्या चढत-उतरत आली. त्यांची वेळ कोणी मोजली नाही आणि लवकर आल्याचे बक्षीसही कोणी दिले नाही. ओझे शाबूत पोहोचले की झाले.

आम्ही ठरल्या वेळेच्या तीन मिनिटे आधी पोहोचलो. एका अंगणात बसलेले आजोबा आमची धावपळ, घड्याळ आणि वही बघत होते. म्हणाले, "एवढ्या घाईनं कुठं निघालात, साहेब? पुढं कडा हाय."

भाच्याने वही मागून घेतली आणि दंडाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिले: तीन मिनिटे, जास्त.