नाव नसलेल्या संघटनेची कुळकथा

घाटंजीच्या तहसीलमध्ये कापसाच्या भावाचं किंवा पीकविम्याचं निवेदन जातं, तेव्हा खाली बऱ्याचदा एवढंच असतं: 'समस्त शेतकरी, घाटंजी तालुका'. लेटरहेड नाही, अध्यक्ष-सचिव नाहीत. सह्या, दोन-चार अंगठे आणि कोपऱ्यात आवकचा शिक्का. आता हे 'समस्त शेतकरी' म्हणजे संघटना झाली का? ज्या वाक्यावर हे ठरतं, त्याचं कूळ फार जुनं आहे.

१० जुलै २०२५ ला महाराष्ट्र विधानसभेने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यात संघटना म्हणजे व्यक्तींचा कोणताही समूह; त्याला नाव असो वा नसो, नोंदणी असो वा नसो, लेखी घटना असो वा नसो. नोंदणी आणि घटनेची भर छत्तीसगडच्या २००५ च्या कायद्यातही होती. पण 'नाव असो वा नसो' हे थेट १९०८ च्या इंग्रजी अमलातल्या फौजदारी सुधारणा कायद्यातलं, कलम १५. बंगालमधल्या क्रांतिकारक समित्या मोडायला तो केला आणि १९३० मध्ये काँग्रेसच्या समित्यांवर चालवला. त्याच वर्षी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला. तारीख होती १० जुलै! योगायोगच, पण तो दिसल्यापासून मला या वाक्याचा माग सोडवेना.

१९०८ च्या आधी हे कलम कुठून आलं? एक मत आयर्लंडकडे बोट दाखवील. तिथल्या कुळांच्या लँड लीगवर १८८१ मध्ये बंदी आली, आणि १८८७ च्या कायद्याने एखादी संघटना धोकादायक असल्याचं नुसतं जाहीर करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. जाहीर करण्याची ही रीत तिकडची, हे मला मान्य आहे. पण आयरिश लीगला नाव होतं, शाखा होत्या, वर्गणी होती. निनावी जमावाची सोय करायची गरज तिथे कोणाला पडणार? दुसरं मत असं की बंदी आली की समित्या नाव बदलतील, म्हणून ही पाचर मारली. तेवढाच हेतू असता तर 'दुसऱ्या नावाने चालणारी' म्हणून भागलं असतं.

माझ्या मते मूळ आहे १८३६ च्या ठगीच्या कायद्यात. इंग्रज अधिकारी स्लीमनला ठगांची टोळी पकडायची होती. तिला ना नाव, ना वही. खून कोणी केला हे शाबीत होईना, म्हणून कायद्याने ठरवलं की ठगांच्या टोळीतला असणं एवढंच जन्मठेपेला पुरे. १८६० च्या दंडसंहितेत हीच कल्पना दरोडेखोरांच्या टोळीसाठी कलम ४०० मध्ये बसली. तिथून ती राजकारणात शिरली, असं मी ठामपणे म्हणतो. १९५२ मध्ये व्ही. जी. राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९०८ च्या कायद्यातली मद्रासची दुरुस्ती रद्द केली, पण व्याख्येचा वंश काही खुंटला नाही.

टोळीसाठी घडवलेलं माप आंदोलनाला लावलं की घोटाळा होतो. १९३० च्या त्याच जंगल सत्याग्रहात उतरताना डॉ. हेडगेवारांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचं सरसंघचालकपद डॉ. परांजपे यांच्याकडे सोपवलं आणि यवतमाळला ते व्यक्ती म्हणून गेले. संघटना वेगळी, आंदोलन वेगळं, हा भेद त्यांनी स्वतः पाळला.

मग भेद ओळखायचा कसा? नोंदणीवरून नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची ओळख छातीवरच्या लाल बिल्ल्याची, तरी ती पक्की संघटना होती, कारण जोशींनी थांबा म्हटलं की रस्ता मोकळा होई. उलट पुणतांब्याहून पेटलेला २०१७ चा शेतकरी संप बघा. १ जूनला तो सुरू झाला. ३ जूनच्या पहाटे मुख्यमंत्र्यांशी बोलून काही जणांनी संप मागे घेतल्याचं जाहीर केलं, आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी ते साफ धुडकावलं. दूध, भाजीपाला अडलेलाच राहिला. ज्याला मागे घेणारा कोणी नाही, ते आंदोलन, संघटना नव्हे. त्यात कोणी कायदा मोडला तर ज्याने मोडला त्याच्यावर गुन्हा घाला, शेजारी उभ्या असलेल्यावर नको.

विधिमंडळाच्या संयुक्त समितीने विधेयकाचा रोख कडव्या डाव्या आणि तत्सम संघटनांपुरता आणला, हे खरं. व्याख्या मात्र तशीच मोकळी राहिली. 'नाव असो वा नसो' हे शब्द तिच्यातून काढले पाहिजेत, आणि संघटना म्हणायची तर निर्णय घेणारं व तो मागे घेऊ शकणारं मंडळ दाखवण्याची जबाबदारी सरकारवर टाकली पाहिजे.