मांडव कोणाचा, भाषा कोणाची? : सूरजागडच्या वाटेवरील साहित्य मेळावे

मराठी साहित्य संमेलनाचा इतिहास 1878 पासून सांगण्याची रीत आहे. त्या वर्षी न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात पहिले ग्रंथकार संमेलन भरले. पण आमच्या दृष्टीने 1885 हे वर्ष अधिक महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण रानड्यांनी जोतीराव फुल्यांना पाठवले आणि फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारले. जे सर्व माणसांचे हक्क मान्य करीत नाहीत, त्यांच्या पुस्तकांशी आमच्या विचारांचा मेळ बसणार नाही, असा त्या नकाराचा आशय होता. संमेलनात कोण बसतो आणि कोण बाहेर राहतो, हा प्रश्न अशा रीतीने संमेलनाइतकाच जुना आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर पुढच्या काळात बाहेर राहिलेल्यांनीच दिले. त्यांनी आपले मांडव घातले. 1958 साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले व त्याचे उद्घाटन अण्णाभाऊ साठे यांनी केले. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी कष्ट घेतले, कवी फ. म. शहाजिंदे अध्यक्ष होते. योगायोग असा की, त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद संतसाहित्याचे अभ्यासक यू. म. पठाण यांच्याकडे होते. म्हणजे एकीकडे मुख्य मांडवात आमच्या माणसाला मानाची खुर्ची मिळाली होती आणि दुसरीकडे आम्हाला वेगळा मांडव घालावा लागत होता. ही विसंगती नव्हती. एका विद्वानाचा सन्मान झाल्याने समाजाचे जगणे साहित्यात येत नाही, हे त्यामागचे साधे कारण होते. घरात दखनी किंवा उर्दू, शाळेत आणि शेतात मराठी, असे दुपेडी आयुष्य जगणारा मुसलमान मराठी कथा-कवितेत फारसा दिसत नव्हता. दिसला तर परका म्हणून दिसे. शेख महंमद श्रीगोंदेकरांपासून शाहीर सगनभाऊ, अमर शेखांपर्यंतची परंपरा पाठीशी असूनही 'तुम्हाला मराठी छान येते हो' हे कौतुक आमच्या वाट्याला येते, ते त्यामुळेच.

आता याच इतिहासाकडे जंगलातून पाहू.

चंद्रपूरला अखिल भारतीय संमेलन दोनदा आले. 1979 साली वामन कृष्ण चोरघडे आणि 2012 साली वसंत आबाजी डहाके अध्यक्ष होते. या दोन संमेलनांच्या दरम्यान, 26 ऑगस्ट 1982 रोजी, चंद्रपूर जिल्हा विभागून गडचिरोली जिल्हा झाला. चंद्रपूरहून आष्टी, आलापल्ली, एटापल्ली असे करीत सूरजागडला जायचे तर दीडशे किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे. पण हे अंतर केवळ रस्त्याचे नाही. 2011 च्या जनगणनेप्रमाणे गडचिरोलीत आदिवासींचे प्रमाण 38 टक्क्यांहून अधिक आहे आणि एटापल्ली-भामरागड भागातील मूल जी भाषा आईकडून शिकते ती माडिया आहे. मराठी त्याला शाळेत भेटते.

गडचिरोलीच्या उत्तरेला मात्र एक वेगळा दाखला आहे. वैनगंगेच्या काठची झाडीपट्टी आपल्या रंगभूमीसाठी प्रसिद्ध आहे. देसाईगंज म्हणजे वडसा हे तिचे केंद्र. दिवाळी झाली की मंडई भरते, शंकरपट होतात आणि होळीपर्यंत गावोगाव नाटके रंगतात. नाटक रात्री सुरू होते ते पहाटेपर्यंत चालते. लोक तिकीट काढून येतात. लेकी-जावई पाहुणे येतात, म्हातारी माणसे पोत्यावर-सतरंजीवर बसतात, मुले आईच्या मांडीवर झोपतात, सोयरिकीची बोलणीही होतात. या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. कुटुंबासह जाण्याचा साहित्यमेळा म्हणून आज शहरांत ज्याची नवलाई सांगितली जाते, तो येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्याला कोणी साहित्य महोत्सव म्हटले नाही, एवढेच.

या भागाने आपल्या बोलीसाठीही मांडव घातला. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या परिश्रमातून झाडीबोलीची साहित्य संमेलने 1990 नंतरच्या दशकात सुरू झाली. प्रमाण मराठीने जिला अशुद्ध म्हणून हिणवले, ती बोली व्यासपीठावर आली. सोलापूर आणि झाडीपट्टी यांच्यात आम्हाला नाते दिसते ते येथे. दोन्हीकडे माणसे एकच गोष्ट सांगत होती : आमची भाषा बिघडलेली नाही, ती आमची आहे.

मग सूरजागडचे काय? तेथे मेळावा नाही असे नाही. सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे. जानेवारीच्या आरंभी तेथे यात्रा भरत आली आहे आणि सत्तर गावांच्या इलाक्यातील माडिया-गोंड कुटुंबे तिला येतात. रेला गाणी होतात, ढोल वाजतात, जुन्या गोष्टी सांगितल्या जातात. 1857-58 मध्ये चांदा भागात इंग्रजांविरुद्ध लढलेले आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्यात फाशी गेलेले बाबूराव शेडमाके यांचे स्मरण या मुलखात पुस्तकापेक्षा तोंडातून अधिक टिकले आहे. हा डोंगर लोहखनिजाचा. 2007 साली तेथे खाणपट्टा दिला गेला. डिसेंबर 2016 मध्ये माओवाद्यांनी खनिज वाहणारी सत्तरहून अधिक वाहने जाळली. 2021 पासून उत्खननाने वेग घेतला. ग्रामसभांनी ठराव केले, विरोध नोंदवला, आणि यात्रेत देवाबरोबर जंगल-जमिनीच्या हक्कांची चर्चाही होऊ लागली. ज्या डोंगराभोवती गाणी आणि कथा रचल्या गेल्या तो डोंगरच खणला जात असेल, तर तेथील साहित्याचा प्रश्न पुस्तकांच्या दुकानापुरता राहत नाही.

महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत शासनातर्फे ग्रंथोत्सव भरतात. ग्रंथदिंडी निघते, पुस्तकांची दालने लागतात, कविसंमेलन होते. गडचिरोलीतही हे होते आणि ते चांगलेच आहे. 1988 साली वेल्समधील हे-ऑन-वाय या लहानशा गावात पुस्तकांचा महोत्सव सुरू झाला आणि ते गाव जगाच्या नकाशावर गेले. त्याच गावाच्या धर्तीवर 2017 साली आपल्याकडे भिलार हे पुस्तकांचे गाव झाले. पण हे गाव असो वा भिलार, तेथे वाचक आणि पुस्तक यांची भाषा बहुतांशी एक होती. सूरजागडच्या मुलापुढे मराठी पुस्तकांची दिंडी नेली तर ती त्याच्यासाठी पाहुण्यांची मिरवणूक ठरते.

2019 साली धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शासनाने ती अनधिकृत ठरवली आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. आपल्या मुलाने आपल्या भाषेत शिकावे यासाठी गावाला न्यायालयात जावे लागते, ही बातमी वाचताना मराठी मुसलमानाने दचकायला हवे. 'तुमची भाषा नेमकी कोणती?' हा प्रश्न आम्हाला सतत विचारला गेला आहे. गडचिरोलीत मात्र मराठी ही शाळेची, कचेरीची, बाजाराची भाषा आहे. माडियासमोर ती बलवान आहे. वडशापासून सिरोंच्यापर्यंत व्यापार, मोटारधंदा, नोकरी यांनिमित्त स्थायिक झालेली मुस्लिम कुटुंबे तेथे मराठी बोलतात, तेव्हा तीही या बलवान भाषेच्या बाजूला उभी असतात.

म्हणून आम्हाला असे वाटते की एटापल्लीच्या बाजूला साहित्य मेळावा भरायचा असेल, तर यजमान ग्रामसभा असाव्यात. माडिया बोलणाऱ्या आजीला कवीइतकाच वेळ मिळावा. तिने सांगितलेली गोष्ट तिच्याच भाषेत देवनागरीत छापावी, शेजारी मराठी असावे आणि ते पुस्तक तिच्या नातवाच्या हाती पडावे. झाडीपट्टीतील नाटकवाल्यांना बोलवावे. मुस्लिम मराठी लेखकांनी तेथे भाषणे करण्यासाठी न जाता ऐकण्यासाठी जावे आणि मागे फिरताना त्या कथांचे मराठी रूप आपल्या वार्षिकांतून, संमेलनांतून पुढे न्यावे. खर्च फार नाही. आठवडी बाजाराचा दिवस, एक मांडव आणि दोन्ही भाषा जाणणारे चार शिक्षक एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

सोलापुरात 1990 साली जे मागितले गेले ते औदार्य नव्हते. आमच्या जगण्याला आमच्या शब्दांत जागा द्या, एवढीच ती मागणी होती. माडिया माणूस आज तेच मागत आहे आणि यावेळी मागणी ज्यांच्याकडे येत आहे त्या मराठी भाषकांत आपणही आहोत.