आधी बाहेरचा ड्राइव्ह

संगणक 'बूट' करणे हा शब्दप्रयोग आपल्या घराघरांत रुळला आहे. त्याचे मूळ मात्र गमतीचे आहे. बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःच स्वतःला वर उचलायचे, अशी एक अशक्य कल्पना इंग्रजीत होती. तिच्यावरून हा शब्द आला. अडचणही तशीच आहे. वीज सुरू होते तेव्हा संगणकाची स्मृती कोरी असते. ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कवर असते. पण डिस्क वाचायची कशी, हे सांगणार कोण? तेवढे काम चिपमध्ये कायमचा बसवलेला एक छोटा प्रोग्रॅम करतो.

१९८१ च्या आयबीएम पीसीत हा प्रोग्रॅम फ्लॉपी ड्राइव्हकडे पाही. १९८३ च्या एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली, तरी आधी फ्लॉपी आणि मग हार्ड डिस्क हाच क्रम राहिला. फ्लॉपीवरचे पहिले ५१२ बाइट वाचायचे आणि यंत्र त्यांच्या हवाली करायचे. आलेला पाहुणा कोण, याची चौकशी नव्हती.

याच दारातून चोर शिरले. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा विषाणू फ्लॉपीच्या या पहिल्या भागातच ठाण मांडी. पुढे ६ मार्चला डिस्कवरची माहिती नष्ट करणाऱ्या 'मायकेलअँजेलो'ने १९९२ साली जगभर घबराट उडवली. प्रत्यक्ष नुकसान भाकितांपेक्षा बरेच कमी झाले. ड्राइव्हमध्ये विसरलेली एक फ्लॉपी त्याला पुरेशी होती.

गंमत अशी, की उपायही त्याच दाराने आला. लिहिण्यास बंद केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून यंत्र सुरू केले, की हार्ड डिस्कवरचा विषाणू जागाच होत नसे; मग त्याला काढणे सोपे जाई. १९९५ साली 'एल टोरिटो' या मानकाने सीडीवरून बूट करण्याची सोय झाली. २००० साली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी 'नॉपिक्स' दिले. हार्ड डिस्कला हात न लावता अख्खे लिनक्स सीडीवरून चाले, आणि बिघडलेल्या यंत्रातल्या फायली वाचवता येत. सीडीची जागा पुढे यूएसबीने घेतली.

२०१२ साली विंडोज ८ बरोबर 'सिक्युअर बूट' रूढ झाले. आता पाहुण्याची सही तपासली जाऊ लागली. सुरक्षितता वाढली, पण दाराची किल्ली कोणाकडे, हा प्रश्नही उभा राहिला. साध्या पीसीवर मालकाला ही तपासणी बंद करता येई. त्याच वर्षीच्या विंडोज आरटी टॅब्लेटवर ती मुभा नव्हती.

त्या किल्लीचे मोल १९ जुलै २०२४ रोजी कळले. क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. अनेक ठिकाणी माणसाला एकेका यंत्रापाशी जाऊन, यूएसबीवरून ते सुरू करून दुरुस्त करावे लागले. डिस्क कुलूपबंद असेल तर तिची रिकव्हरी की हाताशी असावी लागे.

तेव्हा मंडळी, बूट होणारी एक यूएसबी तयार करून, एकदा चालवून पाहून खणात ठेवावी, आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. घर आपले असेल, तर बाहेरून उघडण्याची किल्लीही आपल्याचपाशी हवी.