फुटीनंतरचा आवाज : जेलो बियाफ्रा

संघटना फुटली की माणसं संपतात, असं आपल्यात सर्रास बोललं जातं. मला हे मान्य नाही. म्हणून एका अमेरिकन गायकाचा इतिहास इथे मांडतो आहे. गायक पंक रॉकचा. पंक हे सत्तरच्या दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडात उठलेलं संगीत. भरधाव ठेका, थोडे सूर, घरच्या घरी छापलेली मासिकं. तुला वाजवता किती येतं हे कुणी विचारत नव्हतं. सांगायचं काय आहे, ते बोल, एवढंच.

याचं मूळ नाव एरिक बाउचर, जन्म १९५८ चा, कोलोरॅडोतला. स्टेजसाठी त्याने जेलो बियाफ्रा हे नाव घेतलं. जेलो म्हणजे अमेरिकन घरातली रंगीत गोड जेली. बियाफ्रा म्हणजे १९६७ ते १९७० च्या नायजेरियातल्या युद्धात भुकेने माणसं मेली तो मुलूख. भरलं ताट आणि उपाशी पोट त्याने एका नावात शेजारी बसवलं.

१९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्याचा डेड केनेडीज हा बँड निघाला. १९७९ मध्ये अल्टरनेटिव्ह टेंटॅकल्स ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी. म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या दारात उभं राहणं नको. १९८५ च्या ‘फ्रँकनक्राइस्ट’ अल्बमसोबत त्यांनी स्विस चित्रकार गीगर याचं एक चित्र दिलं. त्यावरून १९८६ मध्ये पोलिसांनी जेलोच्या घराची झडती घेतली. अल्पवयीनांना अपायकारक मजकूर वाटल्याचा खटला भरला. १९८७ मध्ये ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि खटला बारगळला. पण बँड १९८६ मध्येच मोडला होता.

आता गायकाकडे बँड नाही. काय करायचं? तो दुसऱ्यांच्या बँडकडे गेला.

कॅनडातल्या डी.ओ.ए. बरोबर ‘लास्ट स्क्रीम ऑफ द मिसिंग नेबर्स’ केला. त्यातलं शेवटचं गाणं जवळजवळ चौदा मिनिटांचं. पंकमध्ये दोन मिनिटांत गाणं संपतं. इथे सरकार, युद्ध आणि मादक द्रव्यांचा धंदा यांचा सगळा हिशेबच मांडला आहे. १९९१ मध्ये कॅनडाच्याच नोमीन्सनो या बँडबरोबर एक अल्बम. मिनिस्ट्री बँडच्या अल जुर्गेन्सन आणि पॉल बार्कर यांच्याबरोबर लार्ड नावाने यंत्रांच्या खडखडाटाचं संगीत. १९९४ मध्ये मोजो निक्सनबरोबर चक्क गावरान कंट्री ढंग. त्यात फिल ऑक्स या लोकगायकाचं साठच्या दशकातलं उदारमतवाद्यांवरचं उपरोधाचं गाणं नव्या काळाचे शब्द घालून गायलं. न्यायाच्या गप्पा मारायच्या आणि स्वतःच्या गल्लीत न्याय आला की दार लावायचं, ही जात सगळीकडेच असते! २००४ आणि २००५ मध्ये मेल्व्हिन्स या संथ, जड वाजवणाऱ्या बँडबरोबर दोन अल्बम.

या दुसऱ्या अल्बममधली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरवरचं त्याचं पहिलं गाजलेलं गाणं १९७९ चं. तेव्हा खुर्चीवर जेरी ब्राउन होता. १९८१ मध्ये त्याच गाण्यात रेगन आला. २००५ मध्ये मेल्व्हिन्सबरोबर त्याने श्वार्झनेगरला बसवलं. खुर्चीवरचा माणूस बदलला की गाणं नव्याने लिहायचं. जुन्या घोषणेची पूजा करत बसायचं नाही.

पण मी त्याला देव करत नाही. जुन्या बँडच्या सोबत्यांनी त्याला कोर्टात खेचलं. त्यांचं म्हणणं, आमच्या रॉयल्टीचे पैसे कमी दिले. त्याचं म्हणणं, एका जाहिरातीला गाणं द्यायला मी नकार दिला म्हणून हे सगळं. २००० मध्ये ज्यूरीने निकाल त्याच्या विरोधात दिला, सुमारे दोन लाख डॉलरची भरपाई लावली. २००३ मध्ये अपिलातही तो हरला. व्यवस्थेविरुद्ध गाणाऱ्यानेसुद्धा सोबत्यांचा हिशेब चोख ठेवला पाहिजे. त्यात सबब चालत नाही.

आणि मेल्व्हिन्सबरोबरचे ते दोन्ही अल्बम या पराभवानंतरचे आहेत, हे विसरू नका.

मला या इतिहासात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. यातल्या बहुतेक अल्बमच्या कव्हरवर दोन नावं छापली आहेत. जेलोचं आणि त्या बँडचं. नोमीन्सनोने आपला ठेका सोडला नाही, मेल्व्हिन्सने आपला संथपणा सोडला नाही. यानेही आपला चिरका, टोमणे मारणारा गळा बदलला नाही. काम संपलं की जो तो आपल्या घरी. कुणी कुणात विलीन झालं नाही. एकी म्हणजे एकाने दुसऱ्याला गिळणं, अशी समजूत असलेल्यांनी ही कव्हरं बघावीत. डी.ओ.ए. चा गायक जो कीथली पुढे २०१८ मध्ये बर्नबी शहराचा नगरसेवक म्हणून निवडून आला.

दोस्तहो, बँड मोडतो. कोर्टात हरणंही होतं. आवाज मात्र कुणा एका बँडच्या मालकीचा नसतो. सांगण्यासारखं काही असेल तर साथ करणारे भेटतात. फक्त त्यांचं नाव आपल्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात छापायची तयारी पाहिजे.